दुहेरीला तिचं कोर्ट द्या

टेनिसच्या कुठल्याही मोठ्या स्पर्धेचं दिवसाचं वेळापत्रक हातात घ्या आणि पुरुष दुहेरीचे सामने कुठे लावलेत ते शोधा. बहुतेक वेळा कागद खालून वर वाचत यावा लागतो. कोर्ट क्रमांक तीन, चौथा सामना. वेळेच्या जागी फक्त ‘आधीचा सामना संपल्यावर’ एवढंच. सेंटर कोर्ट मिळालंच तर सकाळी, लोक अजून गाडी लावायला जागा शोधत असताना. नाहीतर रात्री, एकेरीचा सामना संपून लोक रिक्षा शोधायला लागल्यावर. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे, आणि मग तेच आयोजक म्हणतात, दुहेरीला प्रेक्षक नाहीत.

मला हे मान्य नाही. दुहेरीला प्रेक्षक आहेत. त्यांना ती धड दाखवली जात नाही. आणि भारतात, त्यातही महाराष्ट्रात, टेनिससाठी सरकारी जमीन, सरकारी पैसा आणि शासनाचं पाठबळ लागतं तेव्हा हा प्रश्न फक्त आयोजकांचा राहत नाही, तो आपलाही होतो.

पुण्यातल्या बालेवाडीचंच घ्या. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभ्या राहिलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत 2018 साली एटीपी, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिस संघटनेच्या, दौऱ्यावरची स्पर्धा आली. चेन्नईत वीस वर्षं रुजलेली ही स्पर्धा महाराष्ट्र शासनाच्या पाठबळावर पुण्यात आली आणि ‘महाराष्ट्र ओपन’ झाली. 2021 चं करोनाचं वर्ष सोडलं तर 2023 पर्यंत ती पाच वेळा भरली. या पाच वर्षांत एकेरीच्या अंतिम फेरीत एकदाही भारतीय खेळाडू पोचला नाही. दुहेरीच्या अंतिम फेरीत भारतीय तीनदा पोचले आणि दोनदा जिंकले. 2019 मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण. 2022 मध्ये बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन. 2023 मध्ये श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुन्चेळियन अंतिम सामन्यात बेल्जियमच्या जिले-व्हलीगेन जोडीकडून हरले.

2019 च्या अंतिम सामन्याला मी होतो. माझ्यामागे एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते. नातू सातवी-आठवीतला असावा. आजोबा त्याला काय सांगत होते ते आजही आठवतं: “चेंडूकडे बघू नकोस. ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे बघ.” बोपण्णा-शरण जोडीने समोरच्या ब्रिटिश जोडीला 6-3, 6-4 असं हरवलं. सामना एकतर्फीकडे झुकलेला होता, पण तो पोरगा शेवटच्या अर्ध्या तासात एकदाही मोबाइलकडे वळला नाही. आजोबांनी त्याला दुहेरी बघायची किल्लीच दिली होती.

ज्याच्याकडे चेंडू नाही त्याच्याकडे बघायचं, म्हणजे नेमकं काय बघायचं? एक पॉइंट घेऊ. सर्व्हिस करणारा मागच्या रेषेवर, मध्याच्या अगदी जवळ उभा आहे. त्याचा जोडीदार नेटपाशी, मधल्या रेषेच्या जवळपास वरच, गुडघ्यांत वाकून जवळजवळ उकिडवा बसला आहे, म्हणजे सर्व्हिस त्याच्या डोक्यावरून जाईल. त्याने एक हात पाठीमागे नेला आहे आणि बोटांनी खूण केली आहे: सर्व्हिस कुठे टाकायची आणि आपण कुठे झेपावणार. समोर रिटर्न करणाऱ्याला हा बसलेला माणूस डावीकडे उठणार की उजवीकडे, हे कळायला मार्ग नाही. ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास येणारा चेंडू परतवायचा आणि त्याच क्षणी या माणसाचा अंदाजही बांधायचा. अंदाज चुकला, की चेंडू थेट त्याच्या रॅकेटवर. आणि अंदाज बरोबर आला तरी रिटर्न करणाऱ्याच्या जोडीदाराला तो आधीच कळलेला असावा लागतो, कारण त्यालाही पुढे सरकायचं की मागे राहायचं हे ठरवायचं असतं. चार माणसं, चार निर्णय, आणि हे सगळं दीड-दोन सेकंदांत. पॉइंट चार फटक्यांत संपतो आणि टीव्हीवरचा समालोचक म्हणतो, “चांगली सर्व्हिस.” सर्व्हिस चांगली होतीच, पण पॉइंट जिंकला तो बसलेल्या माणसाने. कॅमेरा त्याच्यावर नव्हताच.

एकेरी खेळता येत नाही म्हणून माणूस दुहेरीत येतो, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. काही जण तसे येतात, हे खरं आहे. युकी भांब्री दुखापतींनी एकेरीतून बाहेर पडला आणि दुहेरीकडे वळला. पण नुसतं वळून भागत नाही, इथलं काम वेगळं शिकावं लागतं. 2025 च्या यूएस ओपनमध्ये तो न्यूझीलंडच्या मायकल व्हीनसबरोबर उपांत्य फेरीपर्यंत गेला, तो ते शिकल्यामुळे. एकेरीतला मोठा खेळाडू दुहेरीत आपोआप मोठा होत नाही याचा पुरावा सगळ्या जगाने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाहिला. नदाल आणि अल्काराझ एकत्र खेळले. स्पेनच्या दोन पिढ्यांचे दोन राजे, त्यात रोलाँ गॅरोची, म्हणजे फ्रेंच ओपनच्या मैदानाची, लाल माती, जिथे नदालने चौदा वेळा एकेरीचं विजेतेपद मिळवलं. उपांत्यपूर्व फेरीत अमेरिकेच्या ऑस्टिन क्रायचेक आणि राजीव राम यांनी त्यांना सरळ दोन सेटमध्ये हरवलं. त्या जोडीचं नाव रस्त्यावर कुणाला विचारलं असतं तर शंभरातल्या एकालाही सांगता आलं नसतं. त्यांचा धंदाच दुहेरी होता, आणि धंद्यातला माणूस धंद्यातला असतो.

या लोकांना या धंद्यात काय मिळतं तेही बघा. 2024 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये एकेरीच्या विजेत्याला 31 लाख 50 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. दुहेरीच्या विजेत्या जोडीला दोघांत मिळून 7 लाख 30 हजार. त्या जोडीत रोहन बोपण्णा होता, वय 43. गुडघ्यांतली कूर्चा झिजलेली. अय्यंगार योगाने आपल्याला तारलं असं तो सांगत आला आहे, आणि त्या योगपद्धतीचं घर आपल्या पुण्यातच आहे. मॅथ्यू एब्डनबरोबर तो पहिल्यांदा पुरुष दुहेरीचं ग्रँड स्लॅम जिंकला आणि त्याच आठवड्यात दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर जाणारा सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. विजेत्याचे पैसे सारखेच असावेत असं मी म्हणत नाही. एकेरी पाच सेटची, सात सामन्यांची. प्रेक्षक आणि जाहिराती तीच जास्त खेचते. पण विजेत्यांची स्थिती ही, तर चॅलेंजर पातळीवर, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या खालच्या स्पर्धांत, पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरणाऱ्या जोडीचं काय होत असेल याचा अंदाज बांधा. छोटी रक्कम, तीही दोघांत वाटून. विमानाचं तिकीट मात्र वाटून मिळत नाही.

पैशापेक्षाही मला जास्त टोचतं ते खेळाला कात्री लावणं. 2005 साली एटीपीने दुहेरीचे सेट छोटे करण्याचं आणि पुढे मुख्यतः एकेरी खेळणाऱ्यांनाच दुहेरीत प्रवेश देण्याचं योजलं. तेव्हा ब्रायन बंधूंसह चाळीसहून अधिक दुहेरीपटू अमेरिकेत न्यायालयाची पायरी चढले. अखेर तडजोड झाली: सेट सहा गेमचेच राहिले, पण 40-40 झाल्यावर एकाच पॉइंटवर गेमचा निकाल, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे दोन गुणांच्या फरकाने आधी दहा गाठेल ती जोडी जिंकणार. ग्रँड स्लॅममधली पुरुष दुहेरी सोडली तर दौऱ्यावर आजही हेच चालतं.

यातला 40-40 चा नियम मला खटकत नाही. उलट त्यात एक मजा आहे: रिटर्न करणाऱ्या जोडीला ठरवता येतं की तो निर्णायक पॉइंट दोघांपैकी कोण घेणार. दोघं मधे येऊन दोन शब्द बोलतात आणि त्या दोन शब्दांत जोडी म्हणून ते कसे आहेत हे कळतं. टायब्रेकचं मात्र तसं नाही. दुहेरीत पहिले दोन सेट एकमेकांना ओळखण्यात जातात. कुणाची दुसरी सर्व्हिस कुठे पडते, लॉब टाकल्यावर कोण मागे धावतो, दबावाखाली कोण मधूनच मारतो. ही सगळी ओळख झाली, की खरा सामना सुरू होतो. आणि नेमकं तिथेच दहा गुणांत दोर कापला जातो. नेटला लागून पलीकडे पडलेले दोन चेंडू आठवड्याचा निकाल लावू शकतात. 2022 चं पुण्याचं विजेतेपद बोपण्णा-रामकुमारनी असंच मिळवलं, पहिला सेट टायब्रेकमध्ये 12-10 असा हरून, दुसरा 6-3 जिंकून आणि शेवटचा टायब्रेक 10-6 असा घेऊन. निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून मी पद्धत चांगली म्हणणार नाही. अथेन्स ऑलिंपिकमध्ये 2004 साली पेस-भूपती कांस्यपदकाचा सामना क्रोएशियाच्या जोडीकडून हरले, तिसरा सेट 16-14. ते दुःख अजून गेलेलं नाही. पण तो सामना आजही आठवतो, कारण तो पूर्ण खेळला गेला.

आता नवी लाट आली आहे, ताऱ्यांची दुहेरी. 2024 मध्ये माद्रिदच्या स्पर्धेत दुहेरी कमी दिवसांत बसवून आणि एकेरीच्या मानांकनावर जास्त जागा देऊन पाहिली. 2025 च्या यूएस ओपनने मिश्र दुहेरी मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात दोन दिवसांत उरकली. फक्त सोळा जोड्या, निम्म्या एकेरीच्या मानांकनावर आणि निम्म्या आयोजकांच्या निवडीने. अंतिम सामना वगळता चार-चार गेमचे सेट. विजेत्या जोडीला दहा लाख डॉलर. स्टेडियम भरलं, हे कबूल करायला हवं. आधीच्या वर्षी मिश्र दुहेरी इतक्या लोकांनी पाहिली नव्हती. पण जिंकलं कोण? सारा एर्रानी आणि आंद्रेआ वावासोरी. आदल्या वर्षीचेच विजेते, दुहेरीतली मुरलेली माणसं, या बदलावर उघड टीका केलेली जोडी, जी आयोजकांच्या निमंत्रणावर स्पर्धेत आली होती. त्यांनी अंतिम सामन्यात श्वियाँतेक आणि कास्पर रूडला हरवलं. दुहेरी खेळणाऱ्यांना मोठं कोर्ट, संध्याकाळची वेळ आणि भरलेलं स्टेडियम दिलं तर ते काय करतात हे त्या रात्री सगळ्यांनी पाहिलं. त्यातून आयोजकांनी घेतलेला धडा मात्र ‘तारे आणा’ एवढाच आहे. माझ्या मते खरा धडा ‘कोर्ट द्या, वेळ द्या’ हा होता.

माझ्या म्हणण्याविरुद्ध एक उदाहरण मीच देतो. 2022 च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये किर्गिऑस आणि कोकिनाकिस ही एकेरीतली दोन नावं वाइल्डकार्डवर, म्हणजे आयोजकांच्या निमंत्रणावर, दुहेरीत उतरली, रोज स्टेडियम दणाणून सोडलं आणि स्पर्धा जिंकली. ताऱ्यांनी गर्दी आणली, नाकारत नाही. पण ते नेहमीच्याच नियमांनी, पूर्ण ड्रॉमधून, दुहेरीच्या जोड्यांना हरवत पुढे गेले. कुणाची जागा काढून घेतली नाही, खेळ कापला नाही. असे तारे रोज येवोत.

भारत दुहेरीत मोठा झाला तोही असाच, जागा आणि दिवस मिळाल्यामुळे. डेव्हिस कपची, म्हणजे देशादेशांमधल्या सांघिक स्पर्धेची, जुनी रचना आठवा: शुक्रवारी दोन एकेरी, शनिवारी फक्त एक दुहेरी, रविवारी परतीच्या एकेरी. सबंध शनिवार एका सामन्याचा, पाच सेटचा. लढत 1-1 अशी अडलेली असली की सगळ्या स्टेडियमचे डोळे त्या चौघांवर. पेस आणि भूपती तिथे घडले. 1997 ते 2010 या काळात या जोडीने डेव्हिस कपमध्ये सलग वीसहून जास्त लढती जिंकल्या. 1999 साली दोघं चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोचले आणि पॅरिस व विम्बल्डन जिंकले. 2018 मध्ये बोपण्णाला साथीला घेऊन चीनविरुद्ध पेसने डेव्हिस कप दुहेरीतला 43 वा विजय मिळवला, जागतिक विक्रम. आपल्या मराठी माणसांचीही नावं यात आहेत. 1992 च्या विम्बल्डन ज्युनियर दुहेरीत पुण्याचा नितीन कीर्तने भूपतीबरोबर अंतिम फेरीत होता. 1994 च्या हिरोशिमा आशियाई खेळांत पेसबरोबर सुवर्ण जिंकणारा गौरव नाटेकर, म्हणजे बॅडमिंटनच्या नंदू नाटेकरांचा मुलगा. 2024 च्या ऑक्टोबरात अल्माटीत पुण्याच्या अर्जुन कढेने ऋत्विक बोल्लिपल्लीबरोबर एटीपी दौऱ्यावरचं पहिलं विजेतेपद मिळवलं, शेवटचा टायब्रेक 14-12. ज्या शहरातून एटीपी दौरा 2023 नंतर निघून गेला, त्या शहराचा मुलगा दीड-दोन वर्षांत कझाकस्तानात जाऊन त्याच दौऱ्याची स्पर्धा जिंकतो. किती लोकांना हे कळलं? मला विचाराल तर त्या दिवशी डेक्कनवर पेढे वाटायला हवे होते.

इथे एक जुना आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: दुहेरीच्या यशाने आपले डोळे दिपले आणि एकेरी मागे पडली. आपल्या पोरांनी लवकर सोपी वाट धरली. मी या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग मान्य करतो. टेनिसमधलं आपलं एकमेव ऑलिंपिक पदक पेसने 1996 मध्ये एकेरीतच मिळवलं, हे आपण विसरू नये. पण एकेरीत आपण मागे पडलो त्याची कारणं प्रशिक्षण, कोर्टांचा दर्जा, परदेश दौऱ्यांचा खर्च आणि घरच्या स्पर्धांची चणचण ही आहेत. दुहेरीने त्यातलं काही खाल्लेलं नाही. दुहेरीचं बजेट कापल्याने एकेरीचा खेळाडू तयार होत नसतो. आणि सोपी वाट म्हणाल, तर त्रेचाळिसाव्या वर्षी ग्रँड स्लॅम जिंकणाऱ्याला हे तोंडावर सांगून बघा.

खरी गडबड खालच्या पातळीवर आहे. माझा भाचा जिल्हा आणि राज्य पातळीवर खेळायचा. दुहेरीचा जोडीदार तो साइन-इनच्या टेबलापाशी शोधायचा, तेही सकाळी, एकेरीचा सामना सुरू होण्याआधी दहा मिनिटं. “तुला कुणी आहे का?” एवढंच विचारायचं, आणि जोडी तयार. एकदा दोघं अंतिम फेरीत गेले. दिवसभर बसवून ठेवलं, मग संध्याकाळी अंधार पडताना, तीन सेटऐवजी आठ गेमचा एकच सेट खेळवला, कारण कोर्ट रिकामं करायचं होतं. पोरं हरली. मला राग हरण्याचा आला नाही. घरी येताना भाचा म्हणाला, “मामा, दुहेरीचंच होतं, जाऊ दे.” बारा वर्षांच्या मुलाने ते वाक्य कुणाकडून तरी ऐकलेलं असणार. जागतिक ज्युनियर मानांकनात दुहेरीचे गुण पाव हिश्शानेच धरले जातात. पालकांनी हिशेब मांडला तर त्यांना दोष देता येत नाही. पण राज्यातल्या स्पर्धा कशा भरवायच्या हे तर आपल्याच हातात आहे. जोड्यांची नोंदणी आठवडाभर आधी घ्या. दुहेरीला दिवसाउजेडी पूर्ण सामना द्या. शिबिरात आठवड्यातला एक दिवस फक्त नेटवरच्या खेळाचा, खुणांचा, एकमेकांशी बोलण्याचा ठेवा. जोडी वर्षभर टिकवणाऱ्या मुलांना दौऱ्याचा खर्च द्या.

आणि प्रेक्षक नाहीत म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी सहाला महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिमखान्यावर जावं. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सोलापूर, कुठेही. चार काका एका कोर्टावर, चार बाकावर वाट बघत. सगळे दुहेरी खेळतात. एकेरी खेळणारा पन्नाशीचा माणूस मला आजवर फार थोड्या वेळा दिसला. टेनिसचं तिकीट काढणारा, मुलाला रॅकेट घेऊन देणारा, रविवारी बालेवाडीला गाडी काढणारा माणूस हाच आहे. तो स्वतः जो खेळ रोज खेळतो, नेमका तोच त्याला कोपऱ्यातल्या कोर्टावर, उन्हात, बसायला धड जागा नसताना बघावा लागतो. नेटवर कसं उभं राहायचं हे त्याला जोकोविचकडून शिकता येत नाही, बोपण्णाकडून येतं.

गुण मोजण्याची पद्धत बदलणं पुण्यातल्या आयोजकांच्या हातात नाही, ते एटीपी ठरवते. कोर्ट आणि वेळ हे बरंचसं त्यांच्या हातात असतं. बालेवाडीत आता चॅलेंजर स्पर्धा होते, तिथूनच सुरुवात करता येईल. दुहेरीची उपांत्य फेरी सेंटर कोर्टावर लावा. अंतिम सामना शनिवारी संध्याकाळी पाचला, त्याच्याआधी किंवा नंतर गर्दी खेचणारं दुसरं काही न लावता, फक्त तोच. समालोचनाला दुहेरी खेळलेला माणूस बसवा, मराठीतही. एक कॅमेरा नेटपाशी बसलेल्या खेळाडूच्या पाठीमागे लावा, बोटांची खूण दिसेल असा. शहरातल्या अकादमींतल्या बारा ते सोळा वयाच्या मुलांना त्यांच्या जोडीदारासह फुकट आत सोडा, म्हणजे एका पासावर दोघं आणि एकट्याला पास नाही. एक वर्ष करून बघा, आणि त्या शनिवारी स्टँडमध्ये किती लोक बसले ते मोजा.